कोपऱ्यातली दहा बाय बारा

नवीन हॉलचा नकाशा पहिल्यांदा टेबलावर उलगडला तेव्हा तो सारखा गुंडाळला जात होता, म्हणून त्याच्या चार कोपऱ्यांवर मी चहाचे चार कप ठेवले. तीन भरलेले आणि चौथा रिकामा. रिकामा मुद्दाम, कारण त्या कोपऱ्यात माझी खोली होती आणि तिच्यावर चहा सांडलेला मला चालला नसता.

खोली म्हणजे कागदावर बोटाच्या पेराएवढा चौकोन. आत बारीक अक्षरांत लिहिलेलं, केअरटेकर, १० बाय १२. मी या चर्चचा केअरटेकर. घंटा वाजवतो, बाकं पुसतो, लग्न असलं की खुर्च्या मांडतो, मयत असलं की त्याच खुर्च्या वेगळ्या मांडतो.

माझं गाव सावंतवाडीच्या पलीकडे. आठवीची पुस्तकं घेतली होती, पण वडील आजारी पडले आणि ती पुस्तकं तशीच कोरी राहिली. पुढं एका ठेकेदाराबरोबर कळमेश्वरच्या एमआयडीसीत शेड बांधायला आलो. तिथं मला कावीळ झाली. ठेकेदार पुढच्या कामावर निघून गेला आणि मी रामदासपेठेतल्या एका दवाखान्याच्या खाटेवर राहिलो. तिथल्या एक नर्स रोज विचारायच्या, “काहून गा, घरचं कोणी नाही आलं?” डिस्चार्जच्या दिवशी त्यांनी मला रिक्षात घातलं आणि थेट त्यांच्या चर्चच्या फादरांसमोर उभं केलं. त्या नर्स आता रिटायर झाल्या आहेत, सगळे त्यांना मावशी म्हणतात. तेव्हापासून मी इथंच आहे. या लोकांचे उपकार इतके वाटतात की कोणी मला ‘जरा सरक’ म्हणालं तरी तोंडातून ‘थँक्यू’ निघतं.

राहतो मी चर्चच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत. एप्रिल-मेमध्ये दुपारी त्या पत्र्याखाली बसता येत नाही, म्हणून मी चर्चमधल्या शेवटच्या बाकावर जाऊन बसतो. लोकांना वाटतं, मी फार भाविक आहे. गावाहून बायको आणि मुलगी एकदा मे महिन्यात आल्या होत्या. चौथ्या दिवशी मुलीच्या अंगावर इतकं घामोळं उठलं की आठव्या दिवशी मी दोघींना परत गाडीत बसवलं. गाडी सुटल्यावर परत आलो तर फादर दारात उभे होते. म्हणाले, “नवीन हॉल बांधायचाच आहे. त्यात तुला एक पक्की खोली देतो. मग घेऊन ये त्यांना कायमचं.”

म्हणजे माझा सगळा संसार त्या पेराएवढ्या चौकोनात होता. टेबलाभोवती बसलेल्यांना हॉल दिसत होता, मला तेवढाच दिसत होता.

नकाशा काढणाऱ्या मॅडम तरुण होत्या. मिहानकडं त्यांची दुसरी साइट चालू असायची, तिथून धुळीनं भरलेल्या स्कूटरवर येत. त्यांनी पेन्सिल कानामागं लावली आणि म्हणाल्या, “बोला. ज्याला जे बदलायचंय ते आताच बोला. खड्डा खणल्यावर बोलू नका.”

हे त्यांनी म्हणायला नको होतं.

पहिले बोलले कमिटीचे सेक्रेटरी काका. काका रेल्वेतून रिटायर झालेले, नाताळाचं नाटक तेच बसवतात. “स्टेज लहान होऊन राहिलं ना मॅडम. मेंढपाळ उभे राहिले की मेंढरं खाली उतरवा लागते.”

“किती वाढवू?”

“तीन फूट.”

“आणि घेऊ कुठून?”

काकांचं बोट नकाशावर फिरायला लागलं. संडासांवर थांबलं, तेव्हा सगळेच ‘नाही नाही’ म्हणाले. किचनवर थांबलं, तेव्हा मावशी म्हणाल्या, “खबरदार, काका.” मग ते बोट सरकत सरकत माझ्या कोपऱ्यात आलं. मी रिकामा कप उचलून घेतला, त्यांना नीट दिसावं म्हणून.

“इथून घ्या ना. इथं तर काहीच नाही.”

“इथं केअरटेकरची खोली आहे,” मॅडम म्हणाल्या.

“मग सात फूट राह्यते ना. एकट्या माणसाले लय झाली. काय गा, चालते ना तुले?”

“चालते ना, काका,” मी म्हणालो. वर हसलोसुद्धा.

मग मावशी. लग्नात नवरीला साडी बदलायला, जरा टेकायला जागाच नाही, बिचारी दोन तास त्याच भारी साडीत अवघडून बसते, असं त्यांचं म्हणणं. मॅडमनी नवरीची खोली माझ्या खोलीला लागून काढली आणि तिला दोन फूट कमी पडत होते. ते कुठून आले हे सांगायला नको. सातचे पाच झाले. मावशींना मी म्हणालो, “बरं झालं, मावशी. नवरीचे हाल बघवत नाहीत.”

शेवटी फादर घसा खाकरत बोलले. नाताळच्या देखाव्यातल्या गव्हाणीचं सामान, पुतळे वर्षभर चर्चच्या माळ्यावर पडून असतात, उंटाची मान दोनदा मोडली, त्याला कुठं तरी जागा पाहिजे. उंट उंच असल्यामुळं त्याला चार फूट लागले. बाराचे आठ झाले. फादरांनी माझ्याकडं बघितलं. “तुझी अडचण नाही ना?”

ज्यांनी मला काविळीतून उठवून छप्पर दिलं त्यांना मी उंटाच्या विरुद्ध काय सांगणार? “नाही, फादर,” मी म्हणालो.

एवढ्यावर थांबायचं होतं. पण मॅडमनी विचारलं, “आणि या दोनशे प्लॅस्टिकच्या खुर्च्या कुठं ठेवायच्या?” सगळे गप्प. कोणालाच सुचेना. ती शांतता मला सहन झाली नाही. कोणी माझ्यामुळं अडचणीत आहे असं मला उगीच वाटायला लागतं. मी म्हणालो, “माझ्या खोलीत राहतील.”

संध्याकाळी बायकोला फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, “आणि तुमी काय बोललास?”

“चालतला म्हटलंय.”

“आणि त्यो खुर्च्यो?”

“त्यो मीच मागून घेतलंय.”

मागं कोंबड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाली, “मगे आमी खंय रवाचा? खुर्चेर?”

दुसऱ्या बैठकीत भांडण लागलं ते जेवणाच्या रांगेवरून. मॅडमनी नकाशा दुरुस्त करून आणला होता. काकांचं म्हणणं, बुफेची रांग स्टेजवर नवरा-नवरीला भेटायच्या रांगेला आडवी जाते. मॅडम म्हणत होत्या, जात नाही. दोघंही बोटानं रांगा काढत होते आणि दोघांची बोटं एकमेकांना अडत होती. फादर एकदा या बाजूनं वाकायचे, एकदा त्या बाजूनं. शेवटी काका खुर्चीत मागं टेकले. “हे कागदावर समजून नाही राहिलं बापा. कोणाले समजून राहिलं असन त्यानं हात वर करा.”

कोणी हात वर केला नाही. मॅडमनीसुद्धा नाही.

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, “कळमेश्वरला आम्ही आधी जमिनीवर फक्की मारायचो. भिंती जिथं यायच्या तिथं चुन्याच्या पांढऱ्या रेघा. मग मालक आत फिरून बघायचा.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पटकन कप गोळा करायला लागलो.

“येते तुले?” काकांनी विचारलं.

मला येत होतं. शाळेत भूमिती यायच्या आधी शाळा सुटली, पण काटकोन मला मिस्त्रीनं शिकवला होता. तीन फूट, चार फूट, पाच फूट अशी सुतळी ताणली की कोपरा बरोबर बसतो, हे मी अजून विसरलो नाही. फादर म्हणाले, “रविवारी दुसऱ्या मिस्सेची प्रार्थना झाली की सगळ्यांनी मैदानात यायचं. शनिवारी याला रेघा मारू दे.”

त्या आठवड्यात माझी झोप उडाली. आठ वर्षांत पहिल्यांदाच मला इथं खुर्च्या मांडण्याव्यतिरिक्त काही काम दिलं होतं.

शनिवारी सकाळी फादर एका खेड्यातल्या मिस्सेला गेले आणि ऑफिसची किल्ली त्यांच्या खिशात गेली. चर्चच्या बाकी सगळ्या किल्ल्या माझ्याकडं असतात, ऑफिसची तेवढी नसते. नकाशा आत होता. नोटीस बोर्ड भरलेला, म्हणून फादरांनी तो खिडकीच्या काचेवर आतून चिकटवलेला, तोंड खोलीकडं. फोन करून विचारता आलं असतं. पण मिस्सेच्या मध्येच फोन वाजला तर? आणि आठवडाभर काय केलंस असं विचारलं तर? मी खिडकीच्या बाहेर उभा राहिलो. समोरच्या खिडकीतून ऊन आत येत होतं, कागद पातळ होता, रेघ न रेघ दिसत होती. अक्षरं आणि आकडे तेवढे उलटे दिसत होते. मी वहीत एकेक आकडा सुलटा करून लिहिला, दोनदा तपासला. एकही चुकला नाही, म्हणून स्वतःवर जरा खूशही झालो.

भिंती मात्र जशा दिसल्या तशाच काढल्या.

संध्याकाळपर्यंत मैदानावर हॉल उभा होता, म्हणजे आडवा होता. रेघा सरळ, कोपरे चोख. दारांच्या जागी रेघ सोडलेली. माझी खोली मी सगळ्यात शेवटी मारली. पाच बाय आठ. मारून झाल्यावर मी तिच्यात पाय ठेवला नाही, लगेच चुन्याचा डबा उचलून निघालो.

रविवारी मिस्सा संपल्यावर लोक आले आणि पहिली गंमत अशी झाली की कोणी रेघ ओलांडेना. काका फेरी मारून मुख्य दारापर्यंत गेले आणि तिथून आत शिरले, एका पायाची चप्पल काढायला वाकलेही होते. मावशी सरळ बाजूनं आत आल्या.

“अवं, भिंतीतून काहून येऊन राहिली? दार तिकडं हाये ना!” काका ओरडले.

“दार लय दूर काढलं तुम्ही. माह्ये गुडघे दुखते.”

“मग हॉल झाल्यावर काय भिंत फोडशीन?”

मग दोन रांगा उभ्या केल्या. एक बुफेची, एक नवरा-नवरीला भेटायची. स्टेजवर नवरा म्हणून फादर उभे राहिले, कारण तेच रिकामे होते. रांगा एकमेकींना आडव्या गेल्या. काका इतके खूश झाले की त्यांनी नवऱ्याचा हात दोन्ही हातांनी हलवला. फादर म्हणाले, “आता कसं सगळं स्पष्ट दिसतंय! कागदावर काही कळतच नव्हतं.” मी एका बाजूला उभा होतो आणि माझे कान गरम झाले होते. आनंदानं.

“आता खुर्च्या ठेवून पाहा,” काका म्हणाले.

चार-पाच जणांनी खुर्च्यांच्या चळती आणून माझ्या पाच बाय आठमध्ये लावायला सुरुवात केली. अर्ध्याच खुर्च्या लागल्या आणि अर्धी खोली संपली. बाकीच्या चळती मैदानात तशाच उभ्या.

मावशी तिथं येऊन थांबल्या. त्यांनी खुर्च्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. “इथं तू झोपशील कुठं गा?”

“बाकीच्या जागेत, मावशी.”

“झोपून दाखव.”

“आता?”

“मंग कवा? हॉल झाल्यावर?”

मी म्हणालो कपडे खराब होतील. त्या म्हणाल्या, धुवाले तुले कोण अडवते. कोणी तरी चर्चमधली चटई आणून टाकली. सगळा पॅरिश, चर्चची झाडून सगळी माणसं, रेघांबाहेर उभा होता आणि मी रविवारच्या पांढऱ्या शर्टात चटईवर आडवा झालो. डोकं एका रेघेला लावलं, पाय सरळ केले. पाय दुसऱ्या रेघेच्या पलीकडं गेले.

“पाय कुठं चालले याचे?” काकांनी वाकून विचारलं.

“नवरीच्या खोलीत,” मावशी म्हणाल्या.

हसता हसता लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही आडव्या आडव्या हसत होतो, कारण सगळे हसत असताना मला हसू न येणं बरं दिसलं नसतं. मावशी तेवढ्या हसल्या नाहीत.

तेवढ्यात मॅडमची स्कूटर फाटकातून आत आली. त्यांनी हेल्मेट काढलं, हातातला नकाशा उघडला, जमिनीकडं बघितलं, परत नकाशाकडं बघितलं. मग माझ्यापर्यंत चालत आल्या.

“तुम्ही इथं का झोपलाय?”

“खोलीचं माप घेऊन राहिलो,” काका म्हणाले.

“पण इथं खोलीच नाहीये.”

मी उठलो नाही. उठताच आलं नाही. मला वाटलं, आठवड्यात आणखी कोणाला तरी आणखी काही तरी लागलं असणार आणि पाच बाय आठही गेली. वर आभाळात घारी फिरत होत्या. बायकोला फोनवर पहिलं वाक्य काय बोलायचं ते मी तिथंच ठरवायला लागलो.

“खोली त्या बाजूला आहे, विहिरीकडं,” मॅडम म्हणाल्या. “किचनही तिकडं. स्टेज इकडं. तुम्ही अख्खा हॉल उलटा मारलाय!” त्यांनी नकाशा उन्हासमोर धरून मागच्या बाजूनं बघितला. “हां. मागून बघितलं तर एकदम बरोबर आहे.”

खोली शाबूत आहे हे कळून जीव खाली आला आणि दुसऱ्या क्षणी परत वर गेला. मी उभा राहिलो, खिडकीचं सगळं सांगितलं. किल्ली, मिस्सा, फोन, आकडे. सांगता सांगता तीनदा माफी मागितली, त्यातली एक चुकून मॅडमच्या स्कूटरकडं बघून.

“म्हणजे एक तास आम्ही कोणता हॉल पाहून राहिलो?” काका तापले. “मी रांगा पास केल्या! स्टेज पास केलं!”

“रांगा सुलट्या हॉलमध्येही आडव्याच जातील,” मॅडम म्हणाल्या. “तुमचं बरोबर होतं.”

त्यामुळं काका जरा निवले. पण फादर गप्प होते, आणि फादर गप्प असले की मला माझी बॅग दिसायला लागते. पत्र्याच्या खोलीत खिळ्याला टांगलेली.

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मावशींनी चळतीतून एक खुर्ची काढली होती आणि माझ्या खोलीच्या मधोमध मांडून त्या तिच्यात बसल्या होत्या.

“हॉल उलटा असन,” त्या म्हणाल्या, “पण सुलटा केल्यावर याचे पाय काही आखूड होणार नाही. दहा बाय बारा होती ही खोली. तीन फूट काकानं खाल्ले, दोन म्या खाल्ले, चार उंटानं खाल्ले. अन् हा पोट्टा सगळ्याईले चालते चालते म्हणून राहिला. याची बायको-पोरगी कुठं राहीन, हे म्याही नाही विचारलं. आता हे लिहून होत नाही तोवर मी इथून उठत नाही.”

“मावशी, उन्हात त्रास होईल,” मी म्हणालो.

“तू चूप बस गा.”

फादरांनी घसा खाकरला. उंट स्टेजखाली ठेवता येईल का, असं त्यांनी मॅडमना हळूच विचारलं. मॅडम म्हणाल्या, स्टेज पोकळच आहे, बाजूनं दार दिलं तर खुर्च्याही तिथंच जातील, उंटाची मान तेवढी वेगळी काढून ठेवावी लागेल. म्हणजे लांबीचे चार फूट आले. मावशींनी आपले दोन दिले. “नवरी अर्धा तास बसते. हे जन्मभर राहतीन.” मग सगळे काकांकडं बघायला लागले.

काका म्हणाले, दोन फूट देतो. मावशी म्हणाल्या, तीन घेतले होते. काका म्हणाले, मग मेंढरं कुठं उभी करू, तुमच्या डोक्यावर? मावशी खुर्चीत आणखी मागं टेकल्या. पाऊण तास हे चाललं. लोक जेवायला घरी गेले, मॅडमनी स्कूटरवर बसूनच नकाशावर आकडे खोडले आणि लिहिले. शेवटी नऊ बाय बारावर सही झाली. तो एक फूट काकांनी सोडला नाही.

मला फादर एवढंच म्हणाले, “पुढच्या वेळी किल्ली माग.” आणि पुढच्या शनिवारी जाताना ती माझ्या हातात देऊन गेले. हॉल मी परत मारला, सुलटा.

बायकोला फोन केला तेव्हा मला वाटलं होतं ती रडेल. मीच जरा रडवेला झालो होतो. ती म्हणाली, “नऊ? आणि तो एक फूट खंय गेलो?”

“काकांका होयो होतो. नाटकासाठी.”

“तेंका सांगा, मी येतंय.”

असे निरोप मी कोणाला जसेच्या तसे देत नाही. मध्ये थोडं तूप घालतो. पण काल पायाचे खड्डे बघायला काका आले, कडेला उभे राहून म्हणाले, “कवा आणून राहिला मंग घरवालीले?” मी म्हणालो, “छत झालं की. तिनं निरोप दिलाय, काका. तो एक फूट कुठं गेला ते विचारायला ती स्वतः येते म्हणाली.”

काकांनी माझ्याकडं बघितलं. आठ वर्षांत मी त्यांना असं काही बोललो नव्हतो. मी शब्द परत घेतले नाहीत.

“तुमच्याकडच्या बायका लय भांडते म्हणते. खरं हाये काय?”

“भांडत नाहीत,” मी म्हणालो. “विचारत राहतात.”

काका बराच वेळ स्टेजच्या खड्ड्याकडं बघत राहिले, मग माझ्या खोलीच्या खड्ड्याकडं. मग हात पुढं करून म्हणाले, “टेप दे इकडं.”